साहेब काय म्हणाले?

रांजणगाव, वाळूज
११ जून १९८९

पुंजाराम गुरुजींच्या पायावर डोकं ठेवून बद्रीनाथ लिहितो,

शाळा सोडून बारा वर्षं झाली आणि आज एकदम पत्र, म्हणून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचाल. काम अडल्याशिवाय हा लिहिणार नाही असं म्हणाल, तर तेही खरंच आहे.

आमच्या कंपनीत पत्रा कापायच्या-दाबायच्या नवीन पॉवर प्रेस आल्यात. त्या बसवून द्यायला इंग्लंडहून हॉलिस नावाचा साहेब तीन महिन्यांसाठी आलाय. त्याचं बोलणं कामगारांना सांगायला माणूस पाहिजे होता. मॅनेजरनं विचारलं, इंग्रजी कुणाला येतं? मी म्हणालो, मला येतं, पिशोरच्या पुंजाराम गुरुजींच्या हाताखाली शिकलोय. आता तोंडाला फेस आलाय. हा बाबा निम्मे शब्द गिळतो. तुम्ही आम्हाला ‘आय वुड’ शिकवलं. हा ‘आयड’ म्हणतो, आणि तेही इतकं हळू की म्हणाला की नाही तेच कळत नाही. ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ करतो, ‘वुड नॉट’चं ‘वुडंट’. दिवसभरात शंभर वेळा. सोबत त्याची वीस वाक्यं जशी ऐकली तशी लिहून पाठवतोय. शाळेत वही तपासायचात तशी लाल पेन्सिल घेऊन तपासा आणि पोस्टानं परत करा.

आपल्या गावचा भिकन, आक्काबाईचा, त्याला मीच प्रेसवर लावून घेतलंय. तो मजेत आहे. त्याच्या आईला निरोप द्या.

तुमचा,
बद्रीनाथ


पिशोर
१८ जून १९८९

चि. बद्रीनाथ,

आशीर्वाद. तुझी वाक्यं तपासली. वीसपैकी एकही धड नाही. हा मनुष्य खरोखर इंग्लंडचा आहे की चितेगावचा, याची आधी खात्री करून घे.

लाल पेन्सिलीनं सगळी पूर्ण करून दिली आहेत. ‘आयड’ असा शब्द नाही, ‘आय वुड’ असाच आहे. बोलताना आळशी माणसं वर टिंब देऊन शब्द कापतात, त्याचं तू अनुकरण करू नकोस. ‘वुड’ हा संकेतार्थी. एखादी गोष्ट झाली असती, केली असती, असं म्हणायचं असतं तिथं तो येतो. पाठ्यपुस्तकात धडा चौदावा पाहा. पुस्तक टाकून दिलं असशील तर तसं कळव, माझ्याकडं दोन आहेत.

आता महत्त्वाचं. साहेबाचं एखादं वाक्य सुटलं तर पुन्हा विचारू नये. पुन्हा विचारलं की अज्ञान उघडं पडतं आणि किंमत जाते. माझ्या वर्गात जी शिस्त होती तीच तिथं पाळ. शांत राहावं, मान हलवावी, आणि संध्याकाळी खोलीवर येऊन अर्थ लावावा.

आक्काबाईला निरोप दिला. खूष झाली.

पुंजाराम


रांजणगाव, वाळूज
६ जुलै १९८९

गुरुजींना दंडवत,

तुमची पेन्सिल पोचली, पण साहेब काही सुधारत नाही, म्हणून मीच कान सुधारले. आता बऱ्यापैकी उमजतंय. पहिल्या दिवशी ‘आयड लव्ह अ कप ऑफ टी’ म्हणाला. मला वाटलं, बिचाऱ्याला घरच्या चहाची आठवण आली. मी म्हणालो, ‘यस सर, मी टू.’ मग आम्ही दोघं बिनचहाचे अर्धा तास उभे. आता कळलं की तो चहा मागत होता. या लोकांना सरळ ‘दे’ म्हणायला जड जातं. ‘आयड डू इट धिस वे’ म्हणाला की समजायचं, तो करणार नाही, आपण तसं करायचंय. ‘इटड बी नाइस’ म्हणाला म्हणजे झालंच पाहिजे. आणि खूप रागावला तर ‘यू कुडव टोल्ड मी’ एवढंच म्हणतो, तेही हसून. आपला सुपरवायझर काकासाहेब तेवढ्या रागात आईबहीण काढतो. धडा चौदामध्ये हे नाही, गुरुजी.

तुमची दुसरी युक्ती मात्र नामी निघाली. सुटलं वाक्य की मान हलवतो, ‘शुअर सर’ म्हणतो. साहेब खूष, मॅनेजर खूष. पोरं मला ‘इंग्रज’ म्हणतात. मी साहेबाशी बोलायला लागलो की भिकन मशीन थांबवून बघत उभा राहतो आणि शेजारच्याला सांगतो, ‘आमच्या गावचा हाय.’

तीन महिन्यांनी मला कायमचं ऑफिसात घेणार आहेत, असं ऐकतोय.

बद्रीनाथ


पिशोर
१३ जुलै १९८९

चि. बद्रीनाथ,

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी आलं. पारावर चौघांना वाचून दाखवलं. चहाचा मजकूर गाळला.

साहेबाची आणखी वाक्यं पाठव. तपासायला नव्हे. मला नुसती पाहायची आहेत. ‘यू कुडव’ हे मी दोन दिवस तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. घरात सारजाबाई विचारते, दाढ दुखते का?

ऑफिसची जागा मिळाली की मला आधी कळव.

पुंजाराम


रांजणगाव, वाळूज
२० ऑगस्ट १९८९

गुरुजींस नमस्कार,

मध्यंतरी पत्र पाठवता आलं नाही. तीन ऑगस्टला भिकनचा हात प्रेसमध्ये गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात दहा दिवस होता. डाय, म्हणजे मशीनचा साचा, बदलताना हात आत जाऊ नये म्हणून असतं ते गार्ड काढलेलं होतं. ते परत बसवायच्या आधीच त्यानं प्रेस चालू केली. साहेबानं तसं करू नका म्हणून सांगितलं होतं. कामात घाई केली की असं होतं.

कंपनीची चौकशी चालू आहे. मला इंग्रजीत लेखी निवेदन द्यायचंय. मसुदा सोबत आहे. साहेबाचं म्हणणं मी भिकनला सांगितलं होतं, असं त्यात लिहिलंय. शेवटचं वाक्य ‘इफ ही हॅड आस्क्ड मी अगेन, आय वुड हॅव स्टॉप्ड हिम’ असं आहे. ते बरोबर आहे का ते मुख्य पाहा. उलट टपाली पाठवा, तारीख जवळ आहे.

बद्रीनाथ


पिशोर
२४ ऑगस्ट १९८९

चि. बद्रीनाथ,

भिकनचं वाचून फार वाईट वाटलं. तरणा माणूस, आणि असा उतावीळपणा.

निवेदन तपासलं. दोन ठिकाणी काळ बदलला, एका ठिकाणी ‘द’ घातला. शेवटच्या वाक्याला मात्र पेन्सिल लावायची गरजच पडली नाही. ‘त्यानं मला पुन्हा विचारलं असतं, तर मी त्याला थांबवलं असतं.’ सदतीस वर्षं हे वाक्य फळ्यावर लिहीत आलो, आजवर एकाही पोराला ते स्वतःहून जमलं नव्हतं. कापाकापी न करता पूर्ण लिहिलंस. माझा ऊर भरून आला.

भिकनला गावी आणलंय असं ऐकतो. भेटून येईन.

पुंजाराम


पिशोर
८ सप्टेंबर १९८९

बद्रीनाथ,

काल भिकनकडं गेलो होतो. तो ओट्यावर बसला होता, हाताला फडकं गुंडाळलेलं. मला बघून उठला, त्याच हातानं नमस्कार करायला गेला आणि मग दुसरा हात पुढं केला. मी त्याला चार शब्द सुनावले. म्हणालो, अरे, बद्रीनाथनं सांगूनही तू मशीन चालू केलीस, जरा दम धरायचास. तो खाली बघत राहिला.

आक्काबाई आतून बाहेर आली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो. ‘गुरुजी, माझ्या लेकराला बोलू नगा. बद्रीनाथच म्हणला, चालू कर म्हणून. लेकरानं दवाखान्यात मला एकदाच सांगितलं आन् वर शपथ घातली का कुणाला बोलायचं नाय. त्याच्यापायी मी गप हाय.’ भिकन तिच्यावर ओरडला, ‘आये, गप बस.’ मग उठून गोठ्याकडं निघून गेला.

मी तिथून घरी आलो. तुझ्या निवेदनाची मी ठेवलेली नक्कल काढून वाचली. माझ्या हातचा तो ‘द’ त्यात आहे.

मला एकच सांग. तू भिकनला काय सांगितलं होतंस?

पुंजाराम


रांजणगाव, वाळूज
१५ सप्टेंबर १९८९

गुरुजी,

चार कागद फाडले, हा पाचवा.

त्या दिवशी डाय बसवून झाली होती. गार्ड बाजूला भिंतीला टेकवलेलं होतं, त्याचा एक बोल्ट सापडत नव्हता. शेजारची प्रेस धाडधाड चालू होती. साहेब चालत आला, प्रेसकडं हात करून हसत हसत काहीतरी लांबलचक बोलला. पहिला ‘आयड’ ऐकू आला, पुढचं सगळं त्या आवाजात गेलं. काहीच कळलं नाही. दहा-बारा पोरं उभी होती, काकासाहेब कमरेवर हात ठेवून माझ्याकडंच बघत होता. ‘सर, वन्स मोअर’ हे शब्द तोंडाशी आले होते. पण तसं म्हटलं तर काकासाहेब म्हणणार, हा कसला इंग्रज! मग मी मान हलवली. ‘शुअर सर’ म्हणालो. साहेब पुढं गेला.

भिकननं विचारलं, ‘काय म्हणले साहेब?’ मला वाटलं, हसत बोलला म्हणजे ठीकच असेल. आपल्याकडं धोक्याचं सांगणारा माणूस ओरडतो. मी म्हणालो, ‘चालू कर म्हणले.’ त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पायाचं पेडल दाबलं. तिसऱ्याच तुकड्याला हात गेला.

चौकशीत साहेबानं सांगितलं की तो म्हणाला होता, मी असतो तर गार्ड बसवल्याशिवाय ही चालू केली नसती, आणि दुभाष्याला ते समजलं, तो होय म्हणाला. मग मी खोटं लिहिलं. भिकनला मी सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, असं. तुम्ही ज्या वाक्याचं कौतुक केलंत ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नाही. निवेदन देऊन टाकलंय. या महिन्याच्या शेवटी निकाल आहे. भिकनला कामावरून काढणार.

तुम्ही रागवाल. रागवा. पण गुरुजी, तुमच्या वर्गात दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला बाकावर उभं करायचात. सात वर्षं आम्ही मान हलवायला शिकलो. ‘कळलं का?’ म्हटलं की साठ पोरं ‘हो’ म्हणायची. जूनमध्येही तुम्ही तेच लिहिलंत. मी माझी चूक तुमच्यावर ढकलत नाही. नाही, थोडी ढकलतोय. एवढं तरी खरं लिहितो.

मला आरशात बघवत नाही.

बद्रीनाथ


पिशोर
२० सप्टेंबर १९८९

चि. बद्रीनाथ,

तू ढकललंस ते माझ्यावरच पडायला हवं होतं. आता माझं ऐक. हे मी सारजाबाईलाही कधी सांगितलेलं नाही.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी औरंगाबादला उर्दू शाळेत होतो. सगळं शिक्षण उर्दूत, इंग्रजी नावापुरती. पुढं मॅट्रिक झालो, इंग्रजीत काठावर पास. शाळा मराठी झाल्या, मास्तरांची वानवा होती, मला पिशोरला नेमलं. माझी मराठीच कच्ची होती. पोरं माझ्या ‘लेकिन’ला हसायची. एक दिवस इन्स्पेक्टर आला. विचारलं, इंग्रजी कोण शिकवील? बाकीचे मास्तर गप्प. मी हात वर केला. नोकरी पक्की व्हावी एवढाच हेतू होता.

पहिल्याच महिन्यात दगडाबाई नावाच्या मुलीनं विचारलं, ‘गुरुजी, विल असताना वुड कशाला?’ मला माहीत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. तिनं पुन्हा विचारलं. मी तिला बाकावर उभं केलं. पुढचे आठ दिवस तिनं काही विचारायला तोंड उघडलं की उभं केलं. मग ती शाळेत यायची बंद झाली. मला हायसं वाटलं होतं, बद्रीनाथ. मला हायसं वाटलं होतं. त्या दिवसापासून ती पद्धत पडली. लोक म्हणायचे, पुंजाराम मास्तर शिस्तीचे कडक. ती शिस्त नव्हती. मला येत नव्हतं ते झाकायला केलेलं कुंपण होतं. इंग्रज माणसाचा आवाज मी आजपर्यंत समोरून ऐकलेला नाही. रेडिओवर बातम्या लावतो, निम्म्या सुटतात. तुझ्या साहेबाचं ‘आयड’ चुकीचं आहे, हे मी कशाच्या जोरावर लिहिलं? त्यांची भाषा त्यांनी कशी बोलावी हे मी पिशोरात बसून लाल पेन्सिलीनं ठरवत होतो.

तुझ्या निवेदनातलं खोटं मी स्वच्छ करून दिलं. ‘त्यानं पुन्हा विचारलं असतं तर’. पुन्हा विचारायला हवं होतं कुणी आणि विचारलं कुणी नाही, हे तुला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नाही.

चौकशीत जा आणि खरं सांग. मी यायला तयार आहे. मात्र निवेदन लिहून माझ्याकडं पाठवू नकोस. मी तपासणार नाही.

पुंजाराम


रांजणगाव, वाळूज
३ ऑक्टोबर १९८९

गुरुजींना नमस्कार,

तुम्ही येता म्हणालात, पण मी कळवलं नाही, कारण तुमच्या आडोशाला उभं राहिलो असतो.

अठ्ठावीस तारखेला मॅनेजरच्या केबिनमध्ये सगळे होते, चौकशीसाठी थांबवून घेतलेला साहेबही होता. मी आधी मराठीत सांगितलं. साहेबाचं बोलणं मला कळलं नव्हतं, मी मान हलवली आणि भिकनला ‘चालू कर’ म्हणालो, निवेदन खोटं आहे. काकासाहेब म्हणाला, ‘तीन महिने मग काय करीत व्हता रे तू?’ मग साहेबाला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी म्हणालो, ‘सर, दॅट डे, व्हॉट यू सेड, वन्स मोअर प्लीज.’ साहेबानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तसंच, शब्द गिळून. मला पहिल्यांदा कळलं नाही. मी म्हणालो, ‘वन्स मोअर.’ तो पुन्हा बोलला. दुसऱ्या वेळी सगळं कळलं, गुरुजी. एवढंच काम होतं. त्याला राग आला नाही. त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, तू विचारलं असतंस तर मी दहादा सांगितलं असतं.

ऑफिसची जागा गेली, ते योग्यच झालं. मला परत प्रेसवर टाकलंय. भिकनला काढणार नाहीत, टूल रूममध्ये बसून करायचं काम देणार आहेत. तो परवा गावाहून आला.

काल मी त्याच्या खोलीवर गेलो. स्टोव्ह पेटवायचा त्याचा खटाटोप चालला होता, काडी धरता येत नव्हती. मी पेटवून दिला. मग सगळं सांगितलं. मला साहेबाचं बोलणं कळलंच नव्हतं, हेही सांगितलं. वाटलं, शिव्या देईल, अंगावर येईल. तो म्हणाला, ‘मला ठावं व्हतं.’

मी म्हणालो, ‘काय ठावं व्हतं?’

‘तुला कळलं नाय ते. तुझं थोबाड बघून तव्हाच कळलं. शाळंत कळलं नाय का तू अशीच मान हलवायचा.’

‘मग पेडल का दाबलं?’

तो स्टोव्हकडं बघत होता. म्हणाला, ‘धा-बारा जण उभे व्हते. मी म्हणलो असतो, बद्रीभाऊ, साहेबाला पुन्यांदा विचार, तर तुझी इज्जत काय राह्यली असती? तू गावचा. मी सगळ्यांला सांगून ठिवलेलं. म्हणलं, एकदोन पीस काढू, तू बाजूला गेला का थांबू.’

गुरुजी, माझी लाज राखायला त्यानं हात घातला, आणि तीच लाज राखायला मी त्याच्या नावावर खोटं लिहिलं. त्यानं चौकशीतही तोंड उघडलं नाही. दोन्ही वेळा त्यानं मला झाकलं. मला ना तिथून उठता येईना, ना बसवेना. त्यानं भाकरी वाढली. मी खाल्ली. नको म्हणायचा मला काय हक्क?

रविवारी गावी येतोय. आधी आक्काबाईकडं जाईन. तिनं हे माझ्याच तोंडून ऐकायला हवं, आणि ती जे बोलेल ते मला सगळं ऐकून घ्यायचंय. तुम्ही स्टँडवर येऊ नका.

बद्रीनाथ